शेंड्याचं हिरवं पान

ये गं ओवी, अशी जवळ येऊन बस. तो फोन आधी पालथा ठेव. नाहीतर मी बोलत राहीन आणि तू ‘हं, हं’ करत अंगठ्याने भलत्याच कुणाशी बोलत बसशील, मग मध्येच मान वर करून विचारशील, ‘काय म्हणालीस आजी?’ मला कळतं, मी हे वहीत लिहिते आहे आणि तू तिकडे बुओना व्हिस्टाला तुझ्या काचेच्या ऑफिसात बसली आहेस. पण समोर कुणी बसल्याशिवाय मला लिहायला सुचत नाही, म्हणून तुला बसवते. चार महिने झाले, तू इथे माझ्याकडे सेम्बावांगला फिरकली नाहीस. एमआरटीच्या गाडीने तासाभराची वाट, तीही एसीतली. दर रविवारी संध्याकाळी तुझा फोन येतो, ‘आजी, नेक्स्ट वीक शुअर येते, कॅन?’ आणि मीही इथल्यासारखंच म्हणते, कॅन, चालेल. मागच्या रविवारी तू विचारलंस, ‘एकटी बरी आहेस ना?’ मी म्हटलं, मजेत आहे. त्या ‘मजेत’बद्दल मला तुला काही सांगायचंय, पण ते शेवटी. आधी बदामाचं.

यंदा पाऊस कुठे गेला कोण जाणे. इथे उन्हाळा वेगळा आणि पावसाळा वेगळा असं काही नसतं, दुपारी आभाळ भरून येतं, कोसळतं आणि चहाच्या वेळेला काही झालंच नाही असं ऊन पडतं. छत्री पिशवीत कायमची. पण यंदा तीन-चार आठवडे थेंब नाही. ब्लॉकखालचं गवत जुन्या चटईसारखं पिवळं पडलंय, पावलाखाली कुरकुरतं. आणि समुद्राकाठच्या पार्कातले बदाम सगळेच्या सगळे एकदम लाल झालेत. एरवी त्यांचा आपापला कारभार असतो, हा लाल तर शेजारचा हिरवागार. यंदा कुणी हुकूम सोडल्यासारखे शेंदरी, डाळिंबी, काही पानं अर्धी पिवळी आणि अर्धी तांबडी. लोक बायकामुलांना घेऊन फोटो काढायला येतात. परवा एक बाई मुलीला दाखवत होती, ‘लुक, ऑटम.’ हे मी तुला फोनवर सांगितलं तर तू हसलीस. ‘आजी, सिंगापूरला ऑटम नसतो. ड्राय वेदर आहे, दॅट्स ऑल लाह.’ बरोबर आहे तुझं. मला ते पंधराव्या वर्षी कळलं होतं, आणि तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं.

कोकणातल्या आमच्या घरामागे, विहिरीच्या अंगाला, बदामाचं मोठं झाड होतं. खायचा बदाम नव्हे, हाच, रुंद पानांचा, ज्याची फळं दगडाने फोडून आम्ही आतली एवढीशी बी काढून खायचो. आईला अक्षरओळख नव्हती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा तिला उपयोग चतुर्थी आणि अमावस्या विचारून घेण्यापुरता. तिचं वर्ष झाडांवर चालायचं. बदाम लाल झाला की थंडी सरली, मिरच्या वाळवायच्या. गळून खराटा झाला की शिमगा आला. पालवी फुटली की आता फणसाकडे बघायचं. तिचं कधी चुकल्याचं मला आठवत नाही, निदान मी तिथे होते तोवर.

अप्पा, म्हणजे माझे वडील, इथल्या जहाजांच्या यार्डात फिटर होते. एकटेच राहायचे. कॅन्टीनचं तिखट-तेलकट खाऊन त्यांच्या पोटात अल्सर झाला आणि एक दिवस रक्ताची उलटी झाली. सुट्टीवर घरी आले ते ओळखू येईनात, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. त्यांना मऊ भात, पेज, कढण असं रांधून घालणारं कुणी हवं होतं. आजी अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून आईला निघता येत नव्हतं. धाकटी बहीण नली दहा वर्षांची. राहिले मी. चौथीनंतर शाळा सुटलेली, चूल येत होती. गणपती विसर्जन झालं आणि चौथ्या दिवशी निघायचं ठरलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा आईने मला परसात नेलं, बदामाच्या खोडावर माझा हात ठेवला आणि म्हणाली, ‘बाय गो, आता हिरवा आहे ना? हा लाल झाला की तू घरी. तोवर अप्पाचं पोट सांभाळ.’ मी मनात हिशेब केला. शिमग्याच्या आधी. पाच-सहा महिने काय, डोळे मिटून काढीन.

डोळे मिटून कसले काढते. यार्डाजवळ दोन खोल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावर, बाहेर लांबच लांब सामायिक गॅलरी. सकाळी भोंगा व्हायचा आणि अप्पा डबा घेऊन जायचे, की संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही. दिवसभर लांबून हातोड्यांचा आवाज, जहाजांचा गंज खरवडायचे त्याचा, टक टक टक टक. जेवणाच्या सुट्टीत तो थांबला की कान बधिर झाल्यासारखे व्हायचे. आणि कोकीळ. अगं, घरी कोकीळ ओरडायला लागली की आंबे आले समजायचं. इथे ती बारा महिने ओरडते. पहिल्या आठवड्यात मी ती ऐकून धावत गॅलरीत आले होते, जशी काही ती माझ्यासाठी कोकणातून आली होती. महिन्याभराने मी तिला शिव्या द्यायला लागले. जिला कशाचीच वेळ कळत नाही ती कोकीळ कसली.

शेजारी मकचिक रोहाना राहायच्या. मकचिक म्हणजे मलयमध्ये मावशी. पहिल्या दिवशी त्यांनी दारात उभं राहून विचारलं, ‘सुदा माकान?’ मला वाटलं मी काही चुकीचं केलं. मग त्यांनी हाताचा घास करून तोंडाशी नेला तेव्हा कळलं, जेवलीस का म्हणून विचारतायत. त्यांनीच मला मासळी बाजार दाखवला. टोपलीत बांगडे बघून मी इतकी आनंदले की कोळ्याला मराठीतच भाव विचारला. इथे त्याला कंबोंग म्हणतात. अप्पांना तिखट चालायचं नाही, म्हणून मी बांगडा नुसत्या हळदी-मिठाने आणि आईने बांधून दिलेल्या आमसुलांनी शिजवायची. अप्पा जेवताना एकच वाक्य बोलायचे, ‘बेस झालाय.’ कधी जळला असला तरी तेच. मुळात बोलका माणूस नव्हता. जेवण झालं की ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसायचे आणि तसेच पेंगायचे. मी भांडी घासत त्यांच्या घोरण्याशी बोलायची. आता हसू येतं, पण खरंच बोलायची, आज काय झालं, मकचिकच्या मांजरीने काय केलं, सगळं.

एका रविवारी ते मला समुद्राकाठी फिरायला घेऊन गेले, याच पार्कात, आणि तिथे बदाम. एक नव्हे, ओळीने. मी पळत जाऊन पहिल्याच झाडाच्या खोडावर हात ठेवला. अप्पा मागून म्हणाले, ‘काय गो, ओळखीचं भेटलं काय?’ तेव्हापासून रोज दुपारचं काम उरकलं की मी तिथे. पलीकडे पाण्याच्या पट्टीपार मलेशियाचा किनारा दिसायचा, मी सोयीने धरून चालले होते की त्याच्याही मागे कुठेतरी आमचं घर आहे. दिशा चुकीची होती, ते नंतर कळलं. पण झाड खरं होतं. मी त्याची पानं बघायची. हिरवी. उद्या बघू.

वर्ष सरताना इथे पावसाची झड लागते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना घाम येतो. त्या वर्षी ती लागलीच नाही. मकचिक आभाळाकडे बघून डोकं हलवायच्या. गॅलरीतल्या त्यांच्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागे. आणि एक दिवस मी पार्कात गेले तर माझ्या झाडाच्या खालच्या फांदीला तीन पानं लाल. चार दिवसांत अर्धं झाड. आठवड्यात सगळं. मला माहीत होतं ओवी, शिमगा अजून लांब आहे. पंधरा वर्षांची होते, खुळी नव्हते. पण आईने काही शिमगा म्हटलं नव्हतं. बदाम म्हटलं होतं. बदाम लाल झाला की तू घरी. झाला की नाही लाल?

मी पत्र्याची ट्रंक काढली. दोन परकर-पोलकी, एक साडी, नलीसाठी रंगीत रिबिनी. अप्पांसाठी कुळथाचं पीठ डब्यात भरून वर चिठ्ठी लावावी म्हटलं तर ‘कुळीथ’ लिहिता येईना, मग डब्यावर कोळशाने खूण केली. मकचिकना माझं तुळशीचं रोप नेऊन दिलं. त्यांना वाटलं भेट आहे, त्यांनी मला केळ्याची भजी दिली. संध्याकाळी भोंगा झाला, अप्पा आले, दारातच ट्रंक बघून थांबले.

‘हे काय?’

‘अप्पा, बदाम लाल झाला.’

त्यांनी बूट काढले. हातपाय धुतले. पाटावर बसले. मी पेज वाढली, त्यांनी ती सगळी संपवली आणि मी उभीच. आई आणि माझ्यात काय ठरलं ते त्यांना ठाऊक असणार, कारण ‘कसला बदाम’ असं काही त्यांनी विचारलं नाही. शेवटी म्हणाले, ‘आईला विचार.’

‘कसं विचारू?’

‘कागद लिही.’

‘मला लिहिता कुठे येतं नीट?’

‘येतं तेवढं लिही.’

आता पत्राची गंमत सांगते. आईची पत्रं शेजारचे गुरुजी लिहायचे आणि आमची तेच वाचून दाखवायचे, ओसरीवर, मोठ्याने. चार माणसं सहज येऊन बसायची. म्हणून आईच्या पत्रात कधीच काही नसायचं. सर्व कुशल, म्हैस व्याली, पोटाला जपा. मला गुरुजींच्या तोंडून माझं रडगाणं गावाला ऐकवायचं नव्हतं. मी चुकतमाकत एवढंच लिहिलं, ‘आई, बदाम लाल झाला. मी येऊ?’ आणि आख्ख्या झाडावरचं सगळ्यात लहान, सगळ्यात लाल पान शोधून तांदळाच्या डब्याखाली दोन रात्री दाबून ठेवलं आणि पाकिटात घातलं. माझ्या हातचं ते पहिलं पत्र. आज ही वही लिहिते आहे, वाणसामानाच्या कागदावरची अक्षरं लावत लावत, तुझ्या बाबाच्या बालभारतीतून त्याच्याबरोबर शिकत शिकत इथवर आले, पण सुरुवात त्या सहा शब्दांची.

पत्र जायला दोन आठवडे, यायला दोन. ट्रंक बांधलेलीच ठेवली. रोजचे कपडे तिच्यातून काढायचे आणि वाळले की परत तिच्यातच घडी करून. आणि मधल्या काळात काय झालं, तर पाऊस आला. एका रात्रीत झाड खराटा झालं आणि बघता बघता त्याच्या टोकांना पोपटी पालवी. पंधरा दिवसांत पुन्हा हिरवंगार. माझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार फिरला. मी मकचिकना ओढत पार्कात नेलं, हे काय म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, कतापांग ना, बदामाला त्या कतापांग म्हणायच्या, इथे असंच असतं. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. पाऊस थांबला की लाल, आला की हिरवा. त्याला महिना कळत नाही. आणि त्या हसल्या, तू हसतेस तशाच. मी तिथेच वाळूत बसून त्यांच्यावर ओरडले, मराठीत, तोंडाला येईल ते. बिचाऱ्या माझ्या शेजारी बसल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, ‘सुदा माकान?’

पाकीट आलं ते अप्पांनी यार्डातून आणलं. त्यांनी ते फोडलं नव्हतं. आत कागद नव्हता. नुसतं एक पान. वाटेत तपकिरी पडलेलं, पण मधल्या शिरेपाशी आणि देठाशी हिरवं, चांगलं हिरवं. गुरुजींना न विचारता, कुणाला न कळवता, आईने मला स्वतःच्या हाताने लिहिलेलं तेही पहिलंच पत्र. इथला अजून हिरवा आहे बाय. तुझ्या तिथल्या झाडाचं काय घेऊन बसलीस, आपला बघ.

मी रडले नाही. ट्रंक उघडली आणि कपडे फळीवर लावले. अप्पा मोरीपाशी उभे होते. मग त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि आयुष्यात पहिल्यांदा पेज केली. मिठाचा अंदाज नव्हता, खारट ढोण. माझ्यापुढे ताट ठेवून समोर बसले. मी एक घास घेतला.

‘बेस झालीय,’ मी म्हटलं.

‘खोटं बोलतेस,’ ते म्हणाले, आणि दोघंही ती खारट पेज संपेपर्यंत जेवलो.

त्यानंतर मी थांबले कशासाठी, तर आईकडून लाल पान येईल म्हणून. तिचा बदाम लाल झाला की ती पाठवेल. शिमगा आला, गेला. पत्रं आली, सर्व कुशल, नलीला दाढ आली, आजी तशीच. पाकीट उलटं करून मी झटकायची. आत काही नसायचं. इथली झाडं आणखी चारदा लाल झाली, मी तिकडे बघायचं सोडून दिलं होतं. पार्कात जायची ती पाण्याकडे तोंड करून बसायला. आतल्या आत मी आईवर इतकी रागावले होते की तिचं तोंड आठवायला लागलं तरी दुसरं काहीतरी आठवायची. अप्पा मात्र भरले. गालांत मांस आलं. डॉक्टर म्हणाला, आता काळजी नाही. तेव्हा कुठे आम्ही घरी गेलो, अडीच वर्षांनी.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नली आता माझ्या खांद्याला लागत होती, तिला माझ्याशी काय बोलू आणि काय नको झालं होतं. आम्ही विहिरीपाशी बसलो होतो, आई दगडावर कपडे धूत होती. नली परकर वर करून गुडघा दाखवायला लागली, केवढी मोठी खूण. ‘ही तुझ्यामुळे,’ म्हणाली. ‘तुझं लाल पान आलं ना, तेव्हाची. त्या वर्षी थंडी कसली पडली होती, आपला बदाम पौषातच लाल झालेला, अर्धा तर गळून गेला होता. आणि आईला हिरवंच पान पाहिजे. मला शेंड्यापर्यंत चढवलं. उतरताना पडले.’

आईचा हात थांबला. कपडे आपटायचा आवाज थांबला म्हणून मला कळलं. तिने वर बघितलं नाही. पिळ्याचं पाणी तिच्या बोटांतून गळत होतं.

‘हिरवं मिळत नव्हतं गो,’ ती म्हणाली. ‘शेंड्याला एकच होतं.’

एवढंच. पुढे तिच्या मरेपर्यंत आम्ही त्यावर बोललो नाही. तेव्हा मला वाटलं, फसवलं हिने मला. पुढे माझं लग्न होऊन मी पुन्हा याच सेम्बावांगला आले, तुझ्या आजोबांचे डबे भरले, तुझ्या बाबाला वाढवलं, तो शिकायला दूर गेला आणि फोनवर विचारायचा, ‘आई, मी येऊ का सुट्टीत?’ आणि मला माहीत असायचं की त्याची परीक्षा आहे, आणि मी म्हणायची, ‘नको रे, इथे सगळं ठीक आहे.’ पहिल्यांदा असं म्हटलं त्या दिवशी मला आईची ओली बोटं दिसली. एका लेकीला लांब ठेवायला दुसरीला झाडावर चढवायचं. खाली उभं राहून वर बघत राहायचं, सांभाळून गो, अजून वर, तिथे, ते बघ. काय वाटत असेल तिला. राग माझा गेला की नाही, मला नक्की सांगता येत नाही. कधी जातो, कधी येतो.

ते जुनं झाड आता नाही. हल्ली आहेत ती नंतरची, पण ओळ तीच. मी सकाळी खालून बस पकडून जाते, पाण्याकडे पाठ करून बाकावर बसते आणि झाडं बघते. मकचिकही नाहीत. परवा एका बाबागाडीतल्या लेकराच्या आईने मला विचारलं, ‘आंटी, वेटिंग फॉर समवन?’ मी म्हटलं, नो नो, जस्ट सिटिंग. घरी येऊन एकटीला पेज करते. एका माणसाची पेज करणं फार कठीण असतं ओवी, कितीही कमी तांदूळ घेतले तरी दोघांची होते.

तर त्या ‘मजेत’चं. मागच्या रविवारी मी तुला जे म्हटलं ना, ते शेंड्यावरून काढलेलं हिरवं पान होतं. दर रविवारी मी तेच पाठवते, आणि आता शोधायला फार वर चढावं लागतं, माझे गुडघे राहिले नाहीत. तुला काम आहे, तुझं तिकडे नवीन घर आहे, सगळं मला कळतं. आईलाही सगळं कळत होतं.

म्हणून आज सकाळी मी झाडाखाली वाकून एक पान उचललं. सगळ्यात लहान नाही मिळालं, बरंच मोठं आहे, दुमडून वहीतून फाडलेल्या या कागदांत घातलंय. लाल आहे बघ, देठापर्यंत. सेम्बावांगहून बुओना व्हिस्टाला टपाल दोन दिवसांत पोचतं म्हणे. बातम्यांत पुढच्या आठवड्यात पाऊस सांगितलाय, आला की झाड पंधरा दिवसांत हिरवं होईल आणि मीही पुन्हा मजेत आहे म्हणायला लागेन. त्याआधी ये. शनिवारी बांगडे आणते, तुझ्यासाठी तिखट घालून. फोन करून ‘कॅन?’ विचारू नकोस. नुसती ये.